क्लॅरिनेटचा घरचा रियाज: फजिती कुठे होते, का होते आणि त्यावर काय करावं

क्लॅरिनेट घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्यातून बरंच काही बाहेर पडतं. बदक असतं, गंजलेली बिजागरी असते, आणि अधूनमधून शेजारच्याला दचकवणारी एक किंकाळीही असते. सूर मात्र क्वचितच. नवशिक्याला वाटतं, आपला कानच कच्चा किंवा वाद्यच भिकार. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. कुठेतरी हवा निसटत असते, काहीतरी नको तितकं ओलं किंवा कोरडं असतं, नाहीतर घाईत एखादा भाग वाकडा बसलेला असतो. कारण सापडलं की फजिती दोन मिनिटांत मिटते.

खालची माहिती बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी आहे, म्हणजे १७ चाव्या आणि भोकांभोवतीच्या ६ कड्या असलेल्या नेहमीच्या बोहम पद्धतीच्या वाद्यासाठी. सॅक्सोफोनवाल्यांना यातलं रीडचं (म्हणजे माउथपीसवर बसणाऱ्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचं) आणि ओलाव्याचं सगळं लागू पडेल. बासरीवाल्यांनी रीडचा भाग खुशाल ओलांडावा, त्यांचं नशीब चांगलं.

आधी हाताशी काय असावं

- रीड, किमान ४. सुरुवातीला क्रमांक २ किंवा अडीच (क्रमांक म्हणजे रीडचा कडकपणा). एकच रीड घेऊन बसू नका, कारण ती फुटते ती रियाजाच्या पहिल्या मिनिटालाच.
- रीड सपाट ठेवता येईल अशी डबी.
- आतून पुसायचं फडकं. दोरीला वजन असलेलं, आणि शक्यतो मागच्या टोकालाही शेपटी असलेलं. ही शेपटी का हवी ते पायरी ९ मध्ये कळेल.
- कॉर्क ग्रीस, म्हणजे भागांच्या टोकांवरच्या कॉर्कला लावायचं वंगण.
- सिगारेटचा पातळ कागद, गोंदाची पट्टी कापून टाकलेला.
- वाद्य उभं ठेवायचा खुंटीचा स्टँड.
- कागद ठेवायचा स्टँड आणि कपड्यांचे ४ चिमटे.
- ट्यूनर, म्हणजे कुठला सूर लागतोय ते दाखवणारं यंत्र (फोनमधलं चालेल) आणि हातात मावेल एवढा आरसा.

छोटा स्क्रूड्रायव्हर यादीत मुद्दाम नाही. तो हाताशी असला की नको तो स्क्रू पिळायचा मोह होतो.

१. पेटी उघडताना

पहिली फजिती फुंकर मारायच्या आधीच होते. बहुतेक पेट्यांची झाकणाची बाजू आणि तळाची बाजू सारखीच दिसते. उलटी ठेवून उघडली की पाचही भाग जमिनीवर. नाव किंवा चिन्ह असलेली बाजू सहसा वरची असते. तसं काही नसेल तर झाकणावर एक चिकटपट्टी लावून टाका. पेटी मांडीवर उघडू नका. जमिनीवर किंवा टेबलावर सपाट ठेवा.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. झाकण नुसतं टेकवलेलं असतं, खिटी लावलेली नसते, आणि कोणीतरी मूठ धरून पेटी उचलतं. म्हणून नियम करा: झाकण खाली आलं की खिट्या लागल्याच पाहिजेत, मग तुम्ही पाणी प्यायला दोनच मिनिटं उठत असलात तरी.

२. जोडणी

भाग पाच: माउथपीस (तोंडात धरायचा भाग), बॅरल (त्याखालची आखूड नळी), वरचा सांधा, खालचा सांधा आणि बेल, म्हणजे खालचा भोंगा. कॉर्क कोरडा वाटला तरच ग्रीस लावा, आणि तेही बोटाने पुसून घेतल्यासारखं पातळ. थापून लावलं की ते चाव्यांवर, बोटांवर आणि शेवटी भोकांच्या कडेवर येतं. मग बोटं घसरतात आणि दोष पुन्हा कानाला दिला जातो.

जोडताना चाव्यांच्या लांब दांड्या मुठीत आवळू नका. दांडी अर्धा मिलिमीटर वाकली तरी तिच्या टोकाचं पॅड, म्हणजे भोक मिटणारी मऊ गादी, भोकावर नीट बसत नाही. सगळ्यात नाजूक जागा दोन सांध्यांच्या मधली. वरच्या सांध्यावरून एक छोटी पट्टी खाली येते आणि खालच्या सांध्यावरच्या पट्टीवर टेकते. हा या वाद्यातला पूल. जोडताना वरच्या सांध्यावरची कडी डाव्या हाताच्या बोटाने दाबून धरा, म्हणजे वरची पट्टी उचलली जाते आणि खालची तिच्याखाली सहज सरकते. थोडं थोडं फिरवत बसवा, दोन्ही पट्ट्या एका रेषेत आणा आणि मग कडी सोडा. कडी न दाबता रेटून बसवलं तर पट्ट्या एकमेकींवर आदळून वाकतात. पूल वाकला की कडीला जोडलेलं पॅड नीट मिटत नाही, आणि एक दिवस खालचे सूर अचानक गायब होतात.

भाग फारच घट्ट जात असेल तर जोर लावू नका. दमट हवेत लाकूड आणि कॉर्क फुगतात. सांधा अडकून बसला असेल तर वाद्य काही तास कोरड्या खोलीत ठेवा, मग रबरी हातमोजे घालून चाव्या नसलेल्या जागी धरा आणि सरळ रेषेत पिळा. पक्कड हातात घेऊ नका.

३. रीड बसवणं

रीड म्हणजे अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवताच्या कांडाची तासलेली पट्टी. तिचं टोक सुमारे ०.१ मिलिमीटर जाड, साधारण कागदाएवढं. एवढ्या नाजूक वस्तूवर अख्खा आवाज अवलंबून असतो, म्हणून घरात होणाऱ्या निम्म्या फजित्या इथल्याच.

क्रम असा ठेवा. रीड तोंडात किंवा स्वच्छ पाण्यात एक-दोन मिनिटं भिजवा. टोकाला लाटा पडलेल्या दिसल्या तर घाबरू नका, ओलं झाल्यावर त्या सपाट होतात. नाहीच झाल्या तर रीड काचेवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबा. आधी लिगेचर, म्हणजे रीड पकडणारी पट्टी, माउथपीसवर सैल चढवा आणि मग वरून रीड आत सरकवा. उलटं केलं, म्हणजे रीड ठेवून त्यावरून लिगेचर ओढलं, की पट्टीची कड टोकाला लागते आणि टोकाचा तुकडा उडतो. नेहमीच्या धातूच्या लिगेचरचे स्क्रू रीडच्या बाजूला असतात आणि त्यांची डोकी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे येतात. स्क्रू वरच्या बाजूला दिसत असतील तर लिगेचर उलटं बसलं आहे.

समोरून बघा. रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. रीड वर चढली तर आवाज जड आणि अडकलेला होतो. खाली घसरली तर पातळ आणि चिरका. आडवी सरकली तर किंकाळी ठरलेली.

आता सापळे:

- स्वेटर आणि ओढणी. वाद्य गळ्याजवळ आणताना रीडचं टोक लोकरीत अडकतं. सुटताना ते एकटं सुटत नाही, कोपरा तिथेच ठेवून येतं. वाजवणं थांबलं की लगेच माउथपीसवर टोपी घाला.
- टोपी तिरकी घालणं. याच टोपीची कड रीडवर आपटली की तीही टोक मोडते. सरळ वरून घाला.
- रीड वाद्यावरच ठेवून झोपणं. दोन दिवसांनी टोपी काढली की काळे ठिपके आणि वास. ती बुरशी असते. अशी रीड पुसून वापरू नका, फेका.
- एकच लाडकी रीड. रोज तीच वाजवली की ती मऊ होत जाते आणि तुमचे ओठही तिच्या मऊपणाला सरावतात. मग नवी रीड फळीसारखी वाटते. ३-४ रीड आळीपाळीने वापरा आणि पाठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा.

४. पहिली फुंकर: बदकाचा आवाज

अख्खं वाद्य जोडायच्या आधी फक्त माउथपीस आणि बॅरल घ्या. खालचा ओठ खालच्या दातांवर थोडा आत वळवा, वरचे दात माउथपीसवर टेकवा, ओठांचे कोपरे आत ओढून बंद करा आणि फुंका. निघेल तो आवाज बदकाचा असेल, पण बदक सुरात असावं लागतं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा हा जोड कीबोर्डवरच्या एफ शार्पच्या आसपास बोलतो. त्यापेक्षा बराच खाली असेल तर ओठ ढिले आहेत, वर असेल तर तुम्ही चावताय.

तोंडात किती घ्यायचं हे ठरवायला कागदाचा कपटा रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये वरून अलगद सरकवा. तो जिथे अडेल तिथे रीड माउथपीसला टेकते. खालचा ओठ साधारण तिथे यायला हवा. त्याच्या बराच खाली गेलात की किंकाळी, बराच वर राहिलात की घशात अडकल्यासारखा बारीक आवाज.

गाल फुगत असतील तर आरशात बघा. फुगलेले गाल म्हणजे सैल कोपरे, आणि कोपऱ्यातून हवा सुटली की सुराबरोबर ‘फुस्स’ ऐकू येतं. सुरुवातीला १५-२० मिनिटांत ओठ दमतातच. त्यानंतरचं ‘फुस्स’ निव्वळ थकवा असतो, तेव्हा वाद्य खाली ठेवा. ओढून ताणून वाजवलं तर दाताने चावायची सवय लागते आणि ती घालवायला महिने जातात.

५. किंकाळी

या वाद्याची खरी ख्याती हीच, म्हणून इथे जरा थांबू.

क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ आहे आणि तोंडाकडचं टोक ध्वनीच्या हिशेबाने बंद. अशा नळीत एक सोडून एक, म्हणजे विषम क्रमाचे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) जोरात उमटतात. म्हणूनच डाव्या अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सूर एका सप्तकाने वर जात नाही. खाली सा धरला असेल तर वरच्या सप्तकातला प मिळतो. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी, तिथे हीच चावी सरळ वरचा सा देते. मुद्दा असा की नळीत वरचे स्वरांश कायम टपून बसलेले असतात. एखाद्या भोकातून जरा हवा निसटली किंवा रीड क्षणभर अडखळली की मूळ सूर सुटतो आणि वरचा कुठला तरी स्वरांश ताबा घेतो. तीच किंकाळी.

कारण शोधताना एकच प्रश्न आधी विचारा: किंकाळी ठरावीक सुरावर येते की कुठेही?

ठरावीक सुरावर येत असेल तर संशयित बोटं किंवा चाव्या.

बोटं भोकांवर नेहमीपेक्षा जरा जोरात दाबा, सोडा आणि बोटांची पेरं बघा. प्रत्येक पेरावर भोकाचं पूर्ण वर्तुळ उमटलं पाहिजे. अर्धचंद्र उमटला असेल तिथून हवा जाते. बहुतेकांचा अर्धचंद्र उजव्या अनामिकेवर सापडतो, कारण तिथलं भोक मोठं आणि बोट आळशी. वर्तुळं ठीक असतील तर उजव्या तर्जनीची कड बघा. तिच्या शेजारी बाजूच्या चाव्या असतात आणि पंजा आत वळला की त्यातली एखादी नकळत उघडते. डाव्या तर्जनीचंही तसंच. वरच्या ए आणि जी शार्पच्या चाव्या तिच्या सांध्याखालीच असतात.

मग येतो तो कुप्रसिद्ध ओलांडा. ए सुराला डावी तर्जनी फक्त एक चावी दाबते, बाकी वाद्य जवळजवळ उघडं. पुढच्या बी सुराला जवळजवळ सगळी बोटं एकाच क्षणी भोकांवर हवीत. एकही उशिरा आलं की किंकाळी. यावरची युक्ती सोपी आहे: वरचे ए आणि बी-फ्लॅट वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीच आपापल्या भोकांवर टेकवून ठेवा. या सुरांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि ओलांडताना अर्धी बोटं आधीच घरी पोचलेली असतात.

कुठेही येत असेल तर रीड किंवा तोंड. रीड वाळली आहे का, कोपरा उडाला आहे का, आडवी सरकली आहे का, या क्रमाने बघा. दुसरी रीड लावून किंकाळी थांबली तर प्रश्न मिटला. थांबली नाही तर तुम्ही चावताय किंवा माउथपीस फार आत घेताय.

दोन्ही तपासून झालं तरी येत असेल तर वाद्य गळतंय का ते बघा. वरचा सांधा वेगळा करा, खालचं टोक तळहाताने बंद करा, डाव्या हाताच्या तीन बोटांनी आणि अंगठ्याने भोकं झाका आणि वरून हवा ओढा. पोकळी धरून राहिली आणि तोंड काढताना ‘टप्’ असा आवाज आला तर सांधा घट्ट आहे. हवा येतच राहिली तर एखादं पॅड बसत नाहीये. जुनं, बरेच दिवस बंद असलेलं वाद्य असेल तर ही परीक्षा घेण्याआधी आत फडकं फिरवा, नाहीतर हवेबरोबर बरंच काही घशात जाईल.

६. ट्यूनर खोटं बोलतो, कीबोर्ड भांडतो

तुम्ही पुस्तकातला सी वाजवता, ट्यूनर बी-फ्लॅट दाखवतो. तुम्ही बॅरल आत दाबता, बाहेर ओढता, ट्यूनर ढिम्म. वाद्य बिघडलेलं नसतं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो, म्हणून तर त्याचं नाव बी-फ्लॅट. ट्यूनरमध्ये वाद्याचा सूर निवडायची सोय असते, तिथे बी-फ्लॅट करा.

घरातलं कोणी कीबोर्डवर बसलं आणि दोघांनी एकच कागद समोर ठेवून सुरू केलं तर जो गोंधळ होतो त्याचंही कारण हेच. कीबोर्डवाल्याने सगळं एक स्वर खाली वाजवावं किंवा कीबोर्डचं ट्रान्सपोज उणे २ वर ठेवावं.

सूर जुळवण्याआधी ५-१० मिनिटं वाजवून घ्या. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो, त्यामुळे थंड वाद्य खाली वाजतं आणि तापलं की आपोआप चढतं. आधीच जुळवलंत तर दहा मिनिटांनी पुन्हा जुळवावं लागेल. चढलेला सूर उतरवायला बॅरल एखादा मिलिमीटर बाहेर ओढा. वाद्य तापवण्यासाठी हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका. लाकडी वाद्य आतून-बाहेरून असमान तापलं की तडकू शकतं. नवं लाकडी वाद्य असेल तर पहिले दोन आठवडे रोज १५-२० मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका आणि दर वेळी आतून पुसा.

७. गुळगुळ

छान चाललेला सूर मध्येच गुळण्या करायला लागतो. ही थुंकी नसते (थोडी असते, पण थोडीच), श्वासातली वाफ थंड नळीवर जमून झालेलं पाणी असतं. ते ओघळताना वरच्या सांध्यावरच्या एखाद्या बारीक भोकात अडकतं आणि पॅडखाली बुडबुडे धरतं.

कुठल्या सुरावर गुळगुळ होते ते बघा, त्या सुराला उघडणारी चावी दाबा आणि भोकात जोरात एक फुंकर मारा. मग पॅड आणि भोक यांच्यामध्ये सिगारेटचा कागद ठेवून चावी हलकेच मिटा आणि पाणी शोषू द्या. कागद दाबलेला असताना ओढू नका, पॅडची त्वचा फाटते. आधी चावी उघडा, मग कागद काढा. याच कागदाने चिकट पॅडही सुटं होतं. ‘चट्’ असा आवाज करत चावी उशिरा उघडत असेल तर समजा पॅड चिकटलंय. त्यावर पावडर टाकू नका. पावडर ओलाव्यात लगदा होते. आणि गोड खाऊन किंवा पिऊन तसंच वाजवायला बसू नका. साखर श्वासाबरोबर थेट पॅडवर जाते. तोंड पाण्याने खळखळून धुवा, मग वाद्य उचला.

लांब रियाज असेल तर मध्ये एकदा फडकं फिरवा. भोंग्यातून थेंब पडतातच, ते पायांवर पडू द्यायचे नसतील तर खाली एक टॉवेल अंथरा.

८. घर, शेजार आणि बाकीचे श्रोते

*मोजा.* आवाज कमी करायला भोंग्यात मोजा कोंबण्याची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. क्लॅरिनेटचा आवाज बराचसा उघड्या भोकांतून बाहेर पडतो, भोंग्यातून तो मुख्यतः सगळी भोकं झाकलेली असताना येतो. त्यामुळे मोजा घालून शेजाऱ्याला फरक पडत नाही, फक्त तुमचा सर्वांत खालचा ई गुदमरतो. आणि मोजा विसरला जातो. मग आठवडाभर खालचा सूर का लागत नाही याचा शोध चालतो.

खरा उपाय म्हणजे खोली. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा, जाड पडदे ओढा, शेजाऱ्याला लागून असलेल्या भिंतीपासून दूर बसा. वरच्या सुरांचा सराव दिवसा उरका. रात्री फुंकर न मारता फक्त बोटं फिरवा, मोजत आणि मनात गात. ओलांड्याचा सराव तर असाच जास्त पक्का होतो.

*बाथरूम.* तिथे आवाज राजेशाही वाटतो. घुमाऱ्यामुळे सुराची सुरुवात अस्वच्छ आहे हे कळतच नाही, आणि दमटपणाने सांधे फुगतात ते वेगळंच. एखाद्या दिवशी हौस म्हणून ठीक.

*खोलीतली खरखर.* एका ठरावीक सुराला झणझण ऐकू आली की वाद्य उघडून बसू नका. कपाटाची काच, दिव्याची झाकणी, फोटोची फ्रेम, यातलं काहीतरी त्या सुराला थरथरत असतं. दुसऱ्या कोणाला एकेका वस्तूवर हात ठेवायला सांगा आणि तुम्ही सूर धरून ठेवा. खोली बदलल्यावरही आवाज राहिला तर मग लिगेचरचा सैल स्क्रू, शर्टाचं बटण आणि गळ्यातली साखळी बघा.

*कुत्रा.* लांब धरलेल्या सुराला काही कुत्री मान वर करून साथ देतात. हसू नका, हसलात की त्याला वाटतं जमलं, आणि हसताना ओठ सुटून तुमचीही किंकाळी निघते. त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा. कॉर्क आणि रीड त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका, दोन्ही चघळायला उत्तम असतात.

*पंखा आणि स्टँड.* चिमटे यासाठीच. स्टँडचा एक पाय पुस्तकाचं वजन जिकडे झुकतं तिकडे असावा. उंचीचा स्क्रू नीट आवळलेला नसेल तर कागद सुराबरोबर हळूहळू खाली उतरत जातात आणि तुम्हीही नकळत वाकत जाता.

*पलंग.* वाद्य पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवायचं नाही. गादी मऊ असते म्हणून ते सुरक्षित वाटतं, आणि मऊ असते म्हणूनच कोणीतरी येऊन बसतं. खुंटीचा स्टँड कोपऱ्यात ठेवा. टेबलावर आडवं ठेवावंच लागलं तर चाव्या वर करून, कडेपासून आत.

*ऑनलाइन शिकवणी.* तुम्ही वाजवता आणि शिक्षक म्हणतात काहीच ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलची ॲप बोलणं सोडून बाकी आवाज गोंगाट समजून गाळतात, आणि क्लॅरिनेटचा लांब सूर त्यांना पंख्यासारखा वाटतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा आणि मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. फोन दीड-दोन मीटर दूर ठेवा.

९. पुसताना: अडकलेलं फडकं

फडकं पूर्ण उलगडा, झटका, वजन आत सोडा आणि हळू ओढा. गाठ किंवा घडी राहिली की ते वरच्या सांध्यात हमखास अडकतं, कारण रजिस्टर चावीची बारीक नळी तिथे आतल्या पोकळीत पुढे आलेली असते. अडकलं की माणूस आणखी जोरात ओढतो, आणि गाठ आणखी घट्ट बसते.

थांबा. ज्या बाजूने घातलं त्याच बाजूने परत ओढा. मागच्या शेपटीचा उपयोग हाच. शेपटी नसेल तर बाहेर राहिलेलं कापड चिमटीत धरून थोडं पिळत मागे घ्या. स्क्रूड्रायव्हर, विणायची सुई किंवा पेन आत खुपसू नका. नळी वाकली किंवा आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर ते घरी भरून येत नाही. पाच मिनिटांत निघालं नाही तर कापडासकट दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्यांनी रोज तेच बघितलेलं असतं.

बाहेरून पुसताना धागे सुटणारं कापड नको. चाव्यांखाली सुईसारख्या बारीक स्प्रिंगा असतात, त्यात धागा अडकला की स्प्रिंग जागेवरून निसटते आणि चावी लुळी पडते. बोटही टोचतं.

१०. माउथपीस धुताना

कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आठवड्यातून एकदा. गरम पाणी कधीच नाही. बरेच माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे असतात. गरम पाण्यात ते हिरवट-तपकिरी होतात आणि गंधकाचा वास सुटतो, तो पुढे बरेच दिवस थेट नाकाखाली राहतो. उन्हातही रंग असाच जातो. कॉर्कची बाजू पाण्यात बुडवू नका. धुताना भांड्यावर कापड अंथरा, हातातून सुटला तरी टोक वाचेल.

११. घरी हात लावू नये असं काही

वाकलेली चावी, लाकडातली चीर, गळून पडलेलं पॅड, निसटून पुन्हा न बसणारी स्प्रिंग. हे चार प्रकार सरळ दुरुस्तीला. सैल होऊन वर आलेला स्क्रू दिसला तर तो बोटाला समतल लागेल इतकाच हलक्या हाताने परत बसवा, पूर्ण आवळला तर चावी जाम होते.

नेताना वाद्याबरोबर माउथपीस आणि रोजची रीडही न्या, म्हणजे दोष वाद्यात आहे की पुढच्या भागात हे तिथेच कळतं. कोणत्या सुरावर काय होतं ते कागदावर लिहून न्या. आणि तक्रार ‘खालचा ई लागत नाही’ अशी असेल तर घरातून निघण्याआधी एकदा भोंग्यात हात घालून बघा.